एका मुलीचे दोन साक्षगंध

माझ्या स्वभावात एक दोष आहे; लोक त्याला गुण समजतात म्हणून तो पन्नाशी ओलांडली तरी सुटलेला नाही. मला कोणालाही तोंडावर नकार देता येत नाही. नागपूरजवळच्या सेलूला माझे बी-बियाण्यांचे दुकान आहे, तिथे हा स्वभाव खपून जातो. मुलीच्या प्रवेशाच्या वेळी मात्र त्याने घरादाराची तारांबळ उडवली.

बारावीनंतर वकिलीच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी तिला दोन कॉलेजांत जागा मिळाली. एक नागपूरचे, एक पुण्याचे. तिचे मन पुण्यावर होते, हे मला ठाऊक होते. तरीही नागपूरला न पाहताच नकार देणे मला असभ्यपणाचे वाटले. म्हणून मी समुद्रपूरहून भाऊजींना, म्हणजे थोरल्या बहिणीच्या यजमानांना, बोलावून घेतले. आमच्या नात्यातली निम्मी लग्ने त्यांनी जुळवली आहेत. कॉलेज कसे निवडावे हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हते. स्थळ कसे पाहावे, एवढेच माहीत होते. त्यामुळे रीतीप्रमाणे मुलीला घरी ठेवून आम्ही दोघेच नागपूरला गेलो.

कॉलेजच्या कार्यालयातल्या बाईंनी आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या आणि चहा मागवला. भाऊजींनी चौकशी सुरू केली.

“मॅडम, तुमचे प्राचार्य मूळचे कुठचे?”

“अमरावतीकडचे. का बरं?”

“काई नाई. माणूस कोण्या गावचा हे माहीत असलेलं बरं. अन् इथून शिकून गेलेल्या पोरी सुखात आहेत न?”

बाईंनी जरा विचार केला. “एक न्यायाधीश झाली मागं.”

“मंग ठीक आहे,” भाऊजी म्हणाले. “सासरी कोणी बोलत नसन तिले.”

कॅन्टीनमध्ये त्यांनी तर्री-पोह्याच्या दोन प्लेटा खाल्ल्या आणि तर्री चांगली आहे त्या अर्थी जागा वाईट नसावी, असा निर्वाळा दिला. कार्यालयात परत आल्यावर बाईंनी सहज विचारले, “ओरिजिनल कागदपत्रं आणलीत का?” फाइल माझ्या पिशवीत होती. मी त्यांचा चहा प्यालो होतो. मुलीची पत्रिका मागितल्यावर ती द्यायची असते, त्याच सवयीने मी गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, सारे त्यांच्या हाती ठेवले आणि वर म्हणालो, “आमचं पक्कंच समजा.”

दुसऱ्या दिवशी दुकानात पुण्याहून फोन आला. बोलणाऱ्या तरुणाचा आवाज इतका अदबशीर होता की त्यालाही मी म्हणालो, “मुलगी तुमचीच समजा.”

संध्याकाळी हे दोन्ही वृत्तान्त मी घरी सांगितले. पत्नी पोळ्या लाटत होती. आमच्याकडे साखरपुड्याला साक्षगंध म्हणतात. लाटणे न थांबवता ती म्हणाली, “म्हंजे एका पोरीचे दोन साक्षगंध करून बसले तुम्ही. आता मांडव कुठी टाकता?”

मुलगी रागावली नाही. रागावली असती तर बरे झाले असते. “बाबा, सोमवारी पुण्यात ओरिजिनल दाखवले नाई तर जागा जाते,” ती म्हणाली. “उद्या जाऊन परत मागा. मी येते संगं. पण बोलायचं तुम्ही.”

भाऊजी अजून मुक्कामीच होते. बसमध्ये ते मला शिकवत होते. “साळेबुवा, सरळ नाई म्हणायचं नसते. ‘गुण जुळत नाई’ म्हणा. कोणाले वाईट वाटत नाई.” मी मान हलवत होतो आणि मनातल्या मनात स्वतःला तपासत होतो. ज्याला मी आजवर सौजन्य म्हणत आलो, त्यात भित्रेपणाचा वाटा किती? आणि कागद नागपूरलाच अडकून पडले, पुण्याची मुदत आपोआप टळली, तर पोर जवळ राहील, असे मला फाइल देताना अगदीच वाटले नव्हते का? उत्तर माझ्या बाजूचे नव्हते. मुलगी पुढच्या बाकावर खिडकीकडे तोंड करून बसली होती.

कार्यालयात मी सुरुवात केली. “मॅडम, वाईट वाटून घेऊ नका. आपलं कॉलेज उत्तमच आहे. पण मुलीला इथलं हवापाणी...”

“काका, सेलूच्या पोरीला नागपूरचं पाणी मानवत नाही?”

“तसं नाही. जरा गुण...”

“गुण तर तिला चांगले आहेत. काका, प्रवेश रद्द करायचा आहे का?”

“रद्द असं नव्हे...”

मुलीने खुर्ची थोडी मागे सरकवली आणि माझ्याकडे पाहिले.

“हो,” मी म्हणालो. “रद्द करायचा आहे. तिला इथं यायचं नाही.”

आकाश कोसळले नाही. बाईंनी एका कागदावर दोघांच्या सह्या घेतल्या, फाइल काढून मुलीच्या हातात दिली आणि म्हणाल्या, “कालच फोन केला असता तरी चाललं असतं. बाहेर त्या पोरीला ताटकळत ठेवलंय आम्ही. वेटिंगवर पहिलीच आहे.”

बाहेर बाकावर एक मुलगी आणि तिचे वडील बसले होते. वडिलांच्या मांडीवर आमच्यासारखीच फाइल होती. भाऊजी थेट त्यांच्याशेजारी जाऊन बसले.

“घ्या बिनधास्त,” ते म्हणाले. “आम्ही सारं पाहून गेलतो. प्राचार्य अमरावतीकडचे आहेत. पोहे खाऊन पाहजा.”

त्या गृहस्थांनी भाऊजींना ओलांडून माझ्याकडे पाहिले. “एवढं चांगलं आहे तं तुम्ही काऊन सोडलं मंग?”

नाकारलेल्या स्थळाबद्दल हाच प्रश्न येतो, आणि त्याची तयार उत्तरे आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. भाऊजींनी त्यातले एक सुरू केलेच होते.

“माझ्या मुलीला पुण्याला जायचं आहे,” मी म्हणालो. “तिला आधीपासूनच तिथं जायचं होतं. उशीर माझ्यामुळं झाला तुम्हाला.”

“असं होय,” ते म्हणाले, आणि त्यांची मुलगी उठून कार्यालयात गेली.