बाकिझ्योची नसबंदी आणि दुधाचा टेम्पो

माझा चुलतभाऊ बाकिझ्यो डेअरीच्या काट्याकडे असा बघतो, की काटा आता त्याच्या खिशात हात घालणार. मेंढ्या आमच्या दोघांच्या भागीत आहेत, तरी संध्याकाळी मी पाठ फिरवली की तो त्या पुन्हा मोजतो. मला ठाऊक आहे, कारण मी झाडामागे थांबून पाहिलंय. आमच्या घराण्यात संशय दुधाबरोबरच पाजतात.

असा माणूस नसबंदीला तयार झाला, ते त्याच्या बायकोमुळे, बोनारियामुळे. त्यांना तीन पोरं होती, गोळ्यांनी तिचं डोकं दिवसदिवस ठणकायचं, आणि एकदा तिने सांगून टाकलं की आता जे करायचं ते तू कर. गावात हे कुणी केलेलं नव्हतं, निदान कबूल तरी केलेलं नव्हतं. डिसेंबरात, दूध काढायचं यंत्र बघायला चाललोय असं सांगून आम्ही सास्सारी शहरातल्या इस्पितळात गेलो. तो आत गेला, मी बाहेर बसलो. थोड्याच वेळात तो पाय फाकवत आला आणि पहिलंच म्हणाला, "एवढ्यात झालं? खरंच कापलं असेल का रे?"

डॉक्टरांनी त्याला बजावलं होतं की आत आधीचं बीज शिल्लक असतं, तीन महिने जपा, मग वीर्य तपासून घ्या, त्यात काही निघालं नाही तरच बिनघोर राहा. बाकिझ्योने मान डोलावली आणि परतताना म्हणाला, हे सगळे पुन्हा बोलावून पिळायचे धंदे. शिवाय तपासणीची बाटली गावच्या दवाखान्यात द्यायची, आणि तिथे खिडकीशी निकोलोझामावशी बसते. तिला कळलं म्हणजे चर्चच्या घंटेला काम उरत नाही. तो गेलाच नाही. बोनारियाला मात्र त्याने पहिल्याच महिन्यात सांगितलं की तपासणी झाली, आता काळजी नको.

मार्चमध्ये कळलं की बोनारियाला दिवस गेलेत.

बाकिझ्यो त्याच रात्री अंथरूण उचलून मेंढवाड्यावरच्या माझ्या खोलीत आला आणि माझी झोप उडाली. दुधाचा टेम्पो चालवणारा अँतिओको रोज सकाळी त्यांच्या दारात थांबायचा, बोनारिया त्याला कॉफी द्यायची. दारात आलेल्या कुणालाही आमच्याकडे कॉफी मिळते. पण बाकिझ्योला आता तिथेच पाणी मुरतंय असं वाटू लागलं. टेम्पो थांबला की इंजिन बंद होतं की चालू राहतं, हे तो टेकडीवरून कान देऊन ऐकायचा. खरं सांगायचं तर माझ्याही मनात पाल चुकचुकली. टेम्पो चालवणाऱ्याने रोज एवढी गुळगुळीत दाढी कशाला करावी?

शेवटी बोनारियाच मेंढवाड्यावर आली आणि झालंय काय ते सांग म्हणाली. तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "मूल कुणाचं ते तुझं तुला ठाऊक. त्याला माझं नाव मिळणार नाही." ती तशीच खाली उतरून गेली. त्यानंतरही ती आमच्या भाकरीची टोपली आणायची, पण वाटेवरच ठेवून परत फिरायची.

एप्रिलात ढोरांच्या डॉक्टरांनी नेहमीसारखी एका मेंढ्याची नसबंदी केली. असा मेंढा कळपात फिरवला की मेंढ्या माजावर येतात, पण गाभण राहत नाहीत. मग खरा मेंढा सोडायचा, म्हणजे कोकरं सगळी एकदम होतात. कापल्यावर त्याला काही आठवडे लोखंडी फाटकाआड ठेवतात. त्या दिवशी फाटक माझ्याकडून उघडं राहिलं. मेंढा कळपाकडे निघाला आणि बाकिझ्यो काठी घेऊन माझ्यावर धावला.

"अक्कल गहाण टाकलीस का? आत्ता तर कापलाय. अजून माल शिल्लक आहे त्याच्यात, सगळ्या गाभण करून ठेवील."

बोनारिया टोपली घेऊन वाटेवर उभी होती. तिने टोपली खाली ठेवली.

"आणि तुला कुठल्या फाटकाआड ठेवलं होतं रे?"

बाकिझ्योने काठी खाली केली.

"तपासणीचा कागद दाखव."

"गेलो नव्हतो," तो म्हणाला.

मला वाटलं, ती आता टोपली त्याच्या डोक्यात घालते. पण ती दगडावर बसली आणि तेव्हा पहिल्यांदा रडली. मला माझी लाज वाटली. मी मेंढा आत घालायला गेलो आणि उगाचच वेळ काढला.

दुसऱ्या दिवशी बाकिझ्यो बाटली घेऊन दवाखान्यात गेला. निकोलोझामावशीने भरल्या खोलीत विचारलं, हे काय? त्यानेही भरल्या खोलीत सांगितलं. तपासणीत काहीच निघालं नाही, पण ते आत्ताचं. जानेवारीत, दिवस राहिले तेव्हा, काय होतं ते आता कोण सांगणार? बोनारियाने कागद हातातही घेतला नाही.

ऑक्टोबरात मुलगी झाली. डावा कान बाकिझ्योसारखाच दुमडलेला. तो येता-जाता पाळण्यापाशी वाकून तो कान बघायचा. प्रकरण मिटलं असं त्याला वाटलं. मग बोनारियाने सांगितलं की बारशाला पोरीला चर्चमध्ये हातावर घेणारा धर्मबाप अँतिओको असेल.

आमच्या सार्दिनिया बेटावर पोरीचा धर्मबाप म्हणजे बापाला सख्ख्या भावाहून जवळचा. त्याला अरे-तुरे करायचं नाही, आणि त्याच्याविषयी मनात वाईट आणणं हे पाप, ते जन्मभर. बाकिझ्यो माझ्याकडे बघत राहिला. मी मेंढ्या मोजायला निघून गेलो.

बारशाच्या दुसऱ्या सकाळी टेम्पो दारात थांबला. कॉफी घेऊन या वेळी बाकिझ्यो स्वतः बाहेर आला.

"इंजिन बंद करा," तो म्हणाला. "बसा जरा. साखर घातलीय, घ्या."

अँतिओकोने इंजिन बंद केलं. बोनारिया पोरीला घेऊन खिडकीशी उभी राहून ऐकत होती.