कॉम्प्युटरने लावलेली टीम

किस्से साचतात ते नोकरीत, असा माझा समज होता. निवृत्त होऊन दिल्लीच्या द्वारकेत आलो आणि कळलं, नोकरीत निदान ते फाइल करून वर पाठवायची सोय होती!

आमच्या सोसायटीत आम्ही तीन रिटायर्ड मराठी माणसं. कुलकर्णी बँकेतले, जाधव फौजेतले सुभेदार, मी सरकारी कारकून. कुलकर्ण्यांच्या अमेरिकेतल्या मुलाने त्यांच्या लॅपटॉपवर बेसबॉलचा गेम घालून दिला. दर रविवारी आम्ही त्यांच्या घरी जमायला लागलो. प्रत्येकाची एक टीम. आपण नऊ खेळाडू निवडायचे, बॅटिंगचा क्रम लावायचा. मॅच कॉम्प्युटरच खेळून दाखवतो. जमत नसेल तर ‘ऑटो’ दाबा, निवडही तोच करतो. खरा बेसबॉल आमच्यापैकी कोणीही पाहिलेला नाही.

*

पहिली टीम मी सीनिऑरिटीने लावली. वयाने मोठा तो आधी. सपाटून हरलो. मग ऑटो दाबलं, तर चाळिशीच्या अनुभवी माणसाला बाहेर बसवून एक कोवळा पोरगा पहिला!

“ज्येष्ठाला डावलून बढती! हे सरळ सुपरसेशन आहे,” मी म्हणालो.

“मग अपील करा,” कुलकर्णी म्हणाले.

*

कुलकर्णी कायम ऑटोवर. एका रविवारी त्यांचा सगळ्यात चांगला खेळाडूच टीममध्ये नाही. कॉम्प्युटरने त्याला आराम दिला होता.

“पण मला न विचारता रजा कोणी मंजूर केली?” कुलकर्णी चक्रावून गेले.

आतून वहिनी म्हणाल्या, “चला, घराबाहेरही तुम्हाला कोणी विचारत नाही म्हणायचं!”

*

सुभेदार मात्र ऑटोला हात लावायचे नाहीत. त्यांचा पहिला बॅट्समन दर मॅचला भोपळ्यावर आउट व्हायचा.

“अहो, काढा त्याला!” मी म्हणायचो.

“का काढू? पळून तर नाही ना गेला?”

ते हरले की कुलकर्णी म्हणायचे, “पुन्हा पानिपत!” दर जानेवारीत पानिपतच्या रणभूमीवर, काला अंबच्या स्मारकाला जाऊन येणारे सुभेदार एकदा शांतपणे म्हणाले, “तिथेही कोणी ऑटो दाबलं नव्हतं.”

*

आमचा एक नियम होता. जो शेवटचा येईल त्याची टीम पुढच्या सीझनला कॉम्प्युटर चालवणार, माणूस बाहेर. नियम केला तेव्हा गंमत वाटली होती. आता सुभेदार शेवटचे होते. घरी ते एकटे. कोणाशी धड बोलणं व्हायचं ते रविवारीच.

शेवटची मॅच त्यांची माझ्याशी. ते जिंकले तर वाचणार होते. मी हरायचं ठरवलं आणि टीम हजेरीपटासारखी, अकारविल्हे लावली. तिकडे सुभेदारांनी, आयुष्यात पहिल्यांदा, ऑटो दाबलं.

मी जिंकलो! कसा, ते मला अजून कळलेलं नाही. कुलकर्ण्यांनी मॅच दोनदा उघडून पाहिली, त्यांनाही नाही.

“नियम आपण रद्द करू,” मी घाईघाईने म्हणालो.

“नियम म्हणजे नियम,” सुभेदार उठले आणि गेले.

*

पुढच्या रविवारी आम्ही दोघं लॅपटॉप उघडून बसलो. वहिनींनी सवयीने चहाचे तीन कप आणले आणि तिसरा कुठे ठेवावा ते न कळून हातातच धरून उभ्या राहिल्या.

बेल वाजली. दारात सुभेदार.

“कुलकर्णी, माझी टीम आता कॉम्प्युटर चालवणार ना?”

“हो.”

“त्याला बसायला खुर्ची लागते?”

“नाही.”

“अच्छा,” म्हणत सुभेदार आत आले, खुर्ची ओढून बसले आणि वहिनींच्या हातातला कप घेतला. मग चष्मा लावून लॅपटॉपकडे पाहत म्हणाले, “चलो, भाई, आज कोणाला बाहेर बसवतोयस?”