मिलिंदला परत आणताना: कॉव्हेंट्री ते ग्लासगो आणि मागे

ग्लासगोला जायचं ठरलं ते स्वयंपाकघरात, फोन खाली ठेवता ठेवता. नव्वदच्या दशकाचा मध्य असेल. फोनवर माझा धाकटा दीर मिलिंद होता. आठवडाभर तो कुठे आहे हे ना आम्हाला माहीत होतं, ना पोलिसांना.

काही महिन्यांपूर्वी आमच्या कॉव्हेंट्रीत झेब्रा क्रॉसिंगवर त्याच्या गाडीखाली एक म्हातारी बाई सापडली आणि गेली. गाडी तो भलत्याच वेगात चालवत होता. जामीन मिळाला, पण खटल्याच्या दिवशी हा कोर्टात गेलाच नाही. जज्जने अटक वॉरंट काढलं.

"स्कॉटलंडचा कायदा वेगळा आहे, वहिनी," तो म्हणाला. "इकडून मला असं नेता येत नाही. गव्हर्नरची सही लागते, हिअरिंग लागतं. न्यू जर्सीतल्या माझ्या मित्राने, रवीने सांगितलं."

"इथे कुठला आलाय गव्हर्नर?" मी विचारलं. त्याने नुसताच पत्ता दिला.

माझा नवरा अशोक म्हणाला, "मला भाऊ नाही." सासूबाईंनी मेथीचे पराठे लाटायला घेतले.

शुक्रवारी मी कामावर रजा टाकली आणि आमच्या जुन्या लाल गाडीतून एकटीच निघाले. तुम्ही याच वाटेने जाणार असाल तर बर्मिंगहॅम पहाटेच मागे टाका, नाहीतर एम-सिक्स मोटरवेवर तिथेच दुपार होते. पेट्रोल मोटरवेवर भरू नका, महाग पडतं. लँकेस्टरनंतर डोंगर सुरू होतात आणि शॅपच्या चढावर वारा गाडीला अक्षरशः बाजूला ढकलतो. दिसायला फार देखणा भाग, पण मी धड पाहिला नाही. कार्लाइलपुढे तेव्हा मोटरवे बांधायचं काम चालू होतं, नारिंगी शंकू संपता संपत नव्हते. 'स्कॉटलंडमध्ये स्वागत' असा फलक आला तेव्हा मी उगाच ब्रेक दाबला. चौकी नाही, शिपाई नाही. शेतात मेंढ्या चरत होत्या.

मिलिंद मित्राच्या फ्लॅटवर होता, तिसऱ्या मजल्यावर. आधी त्याने खिडकीतून रस्ता पाहिला, मग दार उघडलं. पराठे उभ्यानेच खाल्ले. खाताना दोनदा खिडकीपाशी गेला.

"चल, वकिलाला विचारू," मी म्हटलं. "रवीला नाही, इथल्या वकिलाला."

कोपऱ्यावरच एका सॉलिसिटरचं ऑफिस होतं. पांढऱ्या केसांच्या बाई होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"तुमचा रवी म्हणतो ते अमेरिकेपुरतं खरं आहे," त्या म्हणाल्या. "तिथे आरोपी दुसऱ्या राज्यात पळाला, तर एक गव्हर्नर त्याला मागतो आणि दुसरा सही करतो. आरोपीने हरकत घेतली तर जज्ज एवढंच बघतो, की कागद बरोबर आहेत ना आणि माणूस तोच आहे ना. त्याने गुन्हा केला की नाही हे तिथे कुणी विचारत नाही. हट्ट धरला तर थोडा वेळ मिळतो, सुटका बहुधा मिळत नाही."

"आणि इथे?" मिलिंदने विचारलं.

"इथे तेवढंही नाही. कायदे वेगळे असले तरी इंग्लंडचं वॉरंट इथे चालतं. इथले पोलीस तुम्हाला धरू शकतात. इंग्लंडचे पोलीससुद्धा येऊन नेऊ शकतात."

"पण फेलनीमध्ये, म्हणजे गंभीर गुन्ह्यात..."

"तो शब्दही अमेरिकेचाच."

"आणि हा आपणहून गेला तर?" मी विचारलं.

"तारखेला न गेल्याचा गुन्हा लागेलच. पण पकडून आणलेला आणि स्वतः आलेला, यांत जज्ज फरक करतात."

बाहेर पडून आम्ही क्लाइडच्या काठाने चालत राहिलो. तो पुढे, मी मागे. मध्येच थांबून म्हणाला, "वहिनी, ती बाई रोज दिसतो मला." एरवी मी त्याचं मराठी सुधारते. तेव्हा सुधारलं नाही.

रात्री मी स्टेशनजवळच्या एका स्वस्त बी-अँड-बीमध्ये राहिले. नाश्ता भरपेट मिळतो, पण मला जाईना. सकाळी मिलिंद माझ्याबरोबर परत येईल याची खात्री नव्हती. पण तो बॅग घेऊन दारात उभा होता.

परतीला मोटरवेकडेच्या सर्व्हिसेसवर चहाला थांबलो. "टॉयलेटला जातो," म्हणून गेला तो येईना. लॉरी ड्रायव्हर येत होते, लिफ्ट मागितली की संपलं. मी किल्ली मुठीत धरून बसले, उठून शोधायलाही धीर होईना. अखेर तो आला, हातात चहाचे दोन कप.

"गेलो होतो पलीकडे, लॉऱ्यांपाशी," तो म्हणाला. "मग परत आलो."

पुढे पोलिसांची गाडी मागून आली, तेव्हा मी आपोआप वेग कमी केला. ती ओलांडून निघून गेली.

कॉव्हेंट्रीच्या पोलीस स्टेशनवर त्याने काउंटरपाशी स्वतःचं नाव सांगितलं. घरी आले तेव्हा अशोक कोट घालूनच बसला होता. मी काही बोलायच्या आत त्याने विचारलं, "कुठल्या स्टेशनात?" आणि निघाला.

मिलिंदने गुन्हा कबूल केला. दोन वर्षांची शिक्षा झाली. अशोकने तुरुंगातली एकही भेट चुकवली नाही.

स्कॉटलंडला आम्ही नंतर पुष्कळदा गेलो, तळी पाहिली, किल्ले पाहिले. पण त्या फेरीचं म्हणून मला कोर्टातलं आठवतं. त्या म्हातारीची लेक निकालाला आली होती. जज्ज उठल्यावर तिने कोटाची बटणं लावली आणि एकटीच बसस्टॉपकडे निघाली. मी तिच्यामागे दारापर्यंत गेले. ती बसमध्ये चढेपर्यंत तिथेच उभी राहिले.