विटकरी रंग

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही मुलुंड पूर्वेला राहत होतो. वडिलांना मधुमेह होता. रोज सकाळी आई परीक्षानळीत निळं द्रावण घेई, त्यात लघवीचे आठ थेंब टाकी आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर तापवी. रंग निळाच राहिला तर साखर नाही, विटकरी झाला तर भरपूर. कोणत्या रंगाला किती इन्सुलिन, हे डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं होतं.

त्या वर्षी वडिलांच्या पायाच्या अंगठ्याची जखम भरेना. डॉक्टर अंगठा कापण्याची भाषा करू लागले. शेजारचे काका औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले. जीवनसत्त्वांवर त्यांचा फार विश्वास.

“वहिनी, प्रत्येक शरीराचं रसायन निराळं. ह्याचं शरीर ‘क’ जीवनसत्त्व मागतंय. दिवसाला आठ गोळ्या.”

“माझं शरीर जिलेबी मागतंय,” वडील म्हणाले.

“गप रे. हे औषध नाही, अन्न आहे.”

अन्न, म्हणून आम्ही डॉक्टरांना काही सांगितलं नाही.

चार दिवसांनी नळी पिवळी, मग विटकरी होऊ लागली. आईने भात बंद केला, कागदाप्रमाणे इन्सुलिन वाढवलं. रंग हलेना.

आठवड्याने, एका रविवारी इन्सुलिन टोचून झाल्यावर वडील पोह्यांची वाट पाहत बसले होते. एकाएकी त्यांचा सदरा घामाने भिजला. हात थरथरू लागले. आईकडे बघून ते म्हणाले, “कोण आपण?”

मी काकांना हाक मारली. ते धावत आले, ओट्यावरची नळी उचलून म्हणाले, “साखर चढलीय. हे बघा ना, विटकरी!”

आईने साखरेचा डबा उघडला होता. घाम आणि थरथर म्हणजे साखर उतरली, असं डॉक्टरांनी तिला बजावलेलं.

“वहिनी, मारताय का त्याला?”

“भावोजी, बाजूला व्हा.”

तिने साखरेचं पाणी चमच्याने पाजायला घेतलं. बरंचसं हनुवटीवरून ओघळलं. दहा मिनिटं ती चमचा चमचा पाजत राहिली. मग वडिलांनी तोंड पुसलं आणि विचारलं, “पोहे झाले?”

डॉक्टर आले. दुसरं काही औषध चालू आहे का, या प्रश्नाला आई नाही म्हणाली. पण त्यांना खिडकीतली गोळ्यांची बाटली दिसली. त्यांनी एक गोळी चुरून नुसत्या पाण्यात विरघळवली, ते पाणी निळ्या द्रावणात टाकलं आणि तापवलं. विटकरी.

“लघवीत उतरलेली ही गोळीच नळी दाखवत होती. नसलेल्या साखरेवर तुम्ही इन्सुलिन वाढवत होतात.”

काकांनी नळी उजेडात धरून बराच वेळ पाहिली. “हे मला ठाऊक असायला हवं होतं,” एवढंच म्हणाले.

महिन्याभराने अंगठा कापावा लागला. काका रोज रुग्णालयात येऊन बसत. गोळ्यांचा विषय त्यांनी काढला नाही, आईनेही नाही.