नोटीस कोणी मुरवली

अमेरिकेतल्या कॅरी गावच्या आमच्या मराठी मंडळात एक हकीकत फिरते आहे. मुलीच्या घरी राहणाऱ्या एका हेकट म्हाताऱ्याने कर खात्याची नोटीस महिनोन्महिने दाबून ठेवली आणि वर, जेवायला आलेल्या लोकांदेखत जावयाची अब्रू घेतली, अशी ती हकीकत. ती सांगणाऱ्यांपैकी बहुतेकांनी त्या दुपारी माझ्यासमोर बसून श्रीखंड पुन्हा पुन्हा वाढून घेतले होते. म्हाताऱ्याचा हेकटपणा मला मान्य आहे. बाकीचे खोटे आहे.

मी जर्सी सिटीत राहून आयुष्यभर पूल तपासण्याची नोकरी केली. तडा कुठे आहे, तो कधीपासून आहे आणि तो कोणी पाहूनही पाहिला नाही, हे शोधण्याचा मला पगार मिळत असे. या देशात आल्यापासून माझे करविवरण मी स्वतः भरले. कर खात्याचे पाकीट आले की उजव्या कोपऱ्यातला नोटिशीचा क्रमांक, खाली ती कोणत्या वर्षाची आणि उत्तर कधीपर्यंत द्यायचे, इतके आधी पाहायचे, मग मजकूर वाचायचा आणि त्या वर्षाच्या फायलीत ती लावायची. या रिवाजात मी कधी चुकलो नाही. पत्नी गेल्यावर मुलीने मला कॅरीला आणले, तेव्हा या फायली मी कपड्यांच्या आधी गाडीत ठेवल्या. जावयांना त्याचे हसू आले होते.

जावई मूळचे पुण्याचे, आयटीतले. त्यांनीच एके दिवशी कर खात्याच्या वेबसाइटवर माझे ऑनलाइन खाते उघडले. "बाबा, कागद कशाला सांभाळताय? मी सगळं पेपरलेस करून टाकतो." वेबसाइटने फोन नंबर आणि ई-मेल मागितला. माझा फोन जुना, त्याला काही झेपत नाही, असे ठरवून त्यांनी दोन्ही स्वतःचे घातले. इथल्या आपल्या निम्म्या घरांत हेच चालते. आईवडिलांची बँक, औषधे, विमानाची तिकिटे, सगळे मुलाच्या नाहीतर जावयाच्या नंबरावर असते. त्यात कोणाला काही गैर वाटत नाही. त्याला सेवा म्हणतात.

या सेवेचा अर्थ मला लवकरच कळला. माझ्याच खात्यात शिरायचे तर कोड त्यांच्या फोनवर येई आणि काही मिनिटांत निकामी होई. मी लॅपटॉप हातावर घेऊन त्यांच्या खोलीच्या दाराशी उभा राहत असे. ते मीटिंगमध्ये असत. माझ्याकडे न पाहता ते तळहात वर करत, रस्त्यावरचा पोलीस गाड्या थांबवतो तसा. संध्याकाळी व्हॉट्सॲपवर कोड येई, तोवर मेलेला. मग मी पुन्हा मागावा, त्यांनी पुन्हा हात वर करावा. "बाबा, काही आलं तर मला मेल येतोच. मी बघतो ना," हे त्यांचे ठरलेले वाक्य होते.

त्या वर्षी माझे विवरण पुढे सरकेना. मी कर खात्याला फोन लावला. सकाळभर ताटकळल्यावर एक बाई बोलल्या आणि त्यांनी शांतपणे सांगितले की थंडी संपण्याच्या आत तुमच्या ऑनलाइन खात्यात नोटीस टाकलेली आहे आणि तिचे उत्तर आलेले नाही. तुमच्या नावाने विवरण भरणारे तुम्हीच का, एवढेच नोटिशीत विचारले होते. उत्तराची तारीख उलटून गेली होती.

मी हे मुलीला सांगितले. तिने नवऱ्याला विचारले. ते म्हणाले, "मी त्यांना सांगितलं होतं. ते विसरले." या एका शब्दावर पुढचे सगळे उभे राहिले. आठवड्याभरात वकिलाकडून मुखत्यारपत्र तयार होऊन आले. मी सही केली की माझी बँक, माझे टपाल, माझा डॉक्टर, सगळ्याचा निर्णय त्यांच्या हाती जाणार होता. मुलगी म्हणाली, "बाबा, हे तुमच्याच भल्याचं आहे." मी म्हटले, "मी विसरलो असेन तर सही करीन." तिला वाटले मी तयार झालो.

त्या रविवारी मंडळातली चार कुटुंबे जेवायला होती. टीव्हीवर जावयांच्या लॅपटॉपमधून अलास्काच्या सहलीचे फोटो चालू होते. नागपूरकडचे एक गृहस्थ मला म्हणाले, "काय काका, नोटीस मुरवून ठेवली म्हणे तुम्ही? लोणच्यासारखी?"

"मी तर विचारलं, बरणी कुठाय ते तरी सांगा," जावई म्हणाले. सगळे हसले. मुलगीही हसली.

एक काकू समजुतीने म्हणाल्या, "सही करून टाका हो. आमच्या ह्यांनी केली. आता निवांत सिरियल बघतात."

"ते त्याआधीही सिरियलच बघत होते," मी म्हटले. त्यांचे पती वाटीतले श्रीखंड खात राहिले.

मग मी जावयांना म्हटले, "जावईबापू, माझ्या खात्याचा कोड द्या."

"आत्ता? बाबा, लोक जेवतायत."

"बरणी तुम्हीच विचारलीत. दाखवतो."

मी ओरडलो, असे आता सांगतात. मी ओरडलो नाही. पुलाखाली उभे राहून कंत्राटदाराशी ज्या आवाजात बोलत असे, त्याच आवाजात बोललो. इतक्या लोकांत नाही म्हणणे जावयांना जड गेले. मी त्यांच्या लॅपटॉपवर खाते उघडायला घेतले, कोड आला, त्यांनी तो वाचून दाखवला. अलास्काचे बर्फ गेले आणि माझे खाते भिंतभर पसरले. नोटिसांच्या पानावर मूळ नोटीस होती, तिच्या मागून आलेले आठवणीचे पत्रही होते. मी तिथे थांबलो नाही. खातेदाराच्या माहितीचे पान उघडले. कागदी टपाल बंद, सूचना ई-मेलवर, आणि खाली ई-मेलचा पत्ता.

"अरे यार, हा तर तुझाच आहे," नागपूरकर म्हणाले. आता त्यांचा आवाज बारीक झाला होता.

"हो, पण मी सांगितलं होतं बाबांना," जावई म्हणाले.

"सांगण्यासाठी तुम्ही ती सूचना आधी वाचली असेल. मग उघडा तुमची मेल."

"बाबा, पुरे," मुलगी म्हणाली.

पुरे झाले नव्हते. तिथे थांबलो असतो तर जावई चुकले एवढेच ठरले असते आणि विसरभोळा मीच राहिलो असतो. मी त्यांच्याकडे पाहत बसलो. कोणी जेवत नव्हते. त्यांनी मेल उघडली. डावीकडे त्यांनी स्वतः केलेले कप्पे होते आणि त्यांतल्या एकाचे नाव इंग्रजीत होते : 'बाबा, नंतर.' मी म्हटले, "तो उघडा." कर खात्याच्या सूचना, माझ्या दवाखान्याचे निरोप, माझ्या पेन्शनची पत्रे तिथे एकाखाली एक पडली होती. सगळी ठळक अक्षरांत. न उघडलेली मेल ठळक दिसते, हे त्या खोलीत कोणाला समजावावे लागले नाही.

"आता सांगा, कोण विसरलं?" मी विचारले. मग पुन्हा विचारले. मंडळात माझ्यावर राग आहे तो या दुसऱ्या वेळेबद्दल. पण पहिल्या वेळी उत्तर मिळाले नव्हते. जावई रडले असेही सांगतात. ते रडले नाहीत. ते गॅरेजमध्ये गेले आणि पाहुणे निघेपर्यंत तिथेच उभे राहिले.

भांडी आवरताना मुलगी म्हणाली, "आईलाही तुम्ही असंच चारचौघांत हिशेब विचारायचात. ती गेली तेव्हा मला वाईट वाटलं, पण तिच्यासाठी बरंही वाटलं."

मी म्हटले, "मी विचारत असे. तिला उत्तर येत असे." ती ताट विसळत राहिली.

दुसऱ्या दिवशी तिने मला नवा फोन आणला. माझ्यासमोर बसून खात्यातला नंबर बदलला, ई-मेल बदलला, कागदी टपाल पुन्हा सुरू केले. प्रत्येक पान मला दाखवून, मी मान डोलावल्यावरच ती पुढे गेली. मुखत्यारपत्र तिने स्वतःच फाडले. "सही नकोच. आता तुमचं तुम्ही बघा. हॉस्पिटललासुद्धा." मी विचारले, "गाडीने मला कोण नेईल?" ती म्हणाली, "ॲप आहे."

मी उत्तर पाठवले. कर खात्याने ते स्वीकारले आणि विवरण भरणारे तुम्हीच, अशी नोंद झाल्याचे कळवले. ते पत्र खात्यातही दिसते आणि टपालानेही आले. टपाल जावईच आणतात. त्यांनी पाकीट माझ्या दाराशी धरले. इतकी वर्षे ते मला बाबा म्हणत. त्या दिवशी म्हणाले, "काका, तुमचं पत्र आहे."

मुलगी पलीकडेच उभी होती. तिने त्यांना दुरुस्त केले नाही. मी पाकीट घेतले, उजव्या कोपऱ्यातला क्रमांक पाहिला आणि दार लावून घेतले.