कललेली नाव

लेकीकडे हॉलंडला गेले होते, तेव्हा तिथे शिडाच्या छोट्या नावांची लांब पल्ल्याची शर्यत चालली होती. तळी ओलांडून नावा गावातल्या कालव्यात शिरत होत्या. प्रत्येकीत दोघं. ठेंगणा पूल आला की एकजण सुकाणू सांभाळायचा आणि दुसरा डोलकाठी आडवी करायचा.

एका नावेत मात्र एक म्हातारा एकटाच होता. पुलाजवळ येताच तो काहीतरी ओरडला, मग स्वतःच धडपडत काठीकडे गेला. तेवढ्यात नाव पुलाच्या भिंतीला घासली.

"काय म्हणाले गं ते?" मी लेकीला विचारलं.

"'काठी आडवी कर' म्हणाले. दरवर्षी बायको असायची बरोबर. हिवाळ्यात गेली."

पुलापलीकडे त्यानं काठी उभारली आणि तो पुन्हा सुकाणूपाशी बसला, नावेच्या अगदी कडेला. नाव त्याच्या बाजूला कलली. मागच्या नावा भराभर पुढे निघून गेल्या.

"मध्ये का नाही बसत? एकट्यानं मध्ये बसायचं असतं," लेक म्हणाली.

मध्ये सरकलं, की पलीकडची जागा संपलीच. तिचे बाबा जाऊन किती वर्षं झाली. एवढा मोठा पलंग, पण मी अजून भिंतीकडच्या कडेलाच झोपते.