बाभळीपर्यंत जाऊन ये

आबांकडे कुणी मार्करला नवी बॅरल मागायला आलं, की ते बॅरलचं नावच काढायचे नाहीत. तंबाखू मळत म्हणायचे, “जरा त्या बाभळीपर्यंत जाऊन ये.” माणूस जाऊन यायचा. “आता पळत.” तो पळायचा. मग त्याच्या खुरांकडे, म्हणजे बुटांकडे, बघून आबा निकाल द्यायचे.

उभा जन्म बेल्ह्याच्या बैलबाजारात गेलेला माणूस. दोन हजार सालानंतर त्यांच्या भाच्याने, सुनीलने, गावाबाहेरच्या माळावर पेंटबॉलचं मैदान काढलं. मार्कर म्हणजे रंगाच्या गोळ्या उडवणारी बंदूक, बॅरल म्हणजे तिची नळी. अंगावर गोळी फुटली की गडी बाद. आबा पहिल्या दिवशी हसायला म्हणून आले आणि संघातच शिरले.

त्यांच्या लेखी खेळाडू दोनच जातीचे. शर्यतीच्या बैलगाड्याला पुढे जुंपतात ते जुकाटाचे, मागे ओझं पेलतात ते धुरेचे. जुकाटाच्याला आखूड बॅरल, हवेचा छोटा सिलिंडर, पळायला मोकळा. धुरेच्याला लांब बॅरल आणि गोळ्यांचा मोठा डबा. एका जागी बसून त्याने समोरच्याला डोकं वर काढू द्यायचं नाही. माझं जुन्नरला कापडाचं दुकान. पुण्याच्या पोरांचं बघून मला वेगवान ट्रिगरची हाव सुटली होती. आबा म्हणाले, “शेट, तू घाबरलास की डोळं मिटून दाबतोस. डबा मोकळा करशील, नि मग गिऱ्हाईक नसल्यावाणी बसशील.” ट्रिगर जुनाच राहिला.

आबा स्वतः कायम जुकाटाला. शिट्टी वाजली की डावीकडच्या टायरांच्या ढिगाशी पहिले तेच. तो ढीग हाती आला की सामना आमचा. पण एका उन्हाळ्यात बाजारात खोंडाने त्यांच्या गुडघ्यावर लाथ घातली. पुन्हा पडलात तर खाटेवरून उठणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तरी पुण्याच्या संघाशी सामना ठरला त्या सकाळी आबा आपला आखूड बॅरलचा मार्कर घेऊन हजर. त्यांना अडवायला हवं होतं, पण मामाला सांगणार कोण? सुनील मास्कची काच पुसत राहिला. एवढी पुसली, की ती विरघळेल असं वाटायला लागलं.

माझ्या तोंडून कसं निघालं कुणास ठाऊक. “आबा, जरा त्या बाभळीपर्यंत जाऊन या.”

मळलेली तंबाखू आबांच्या तळहातावर तशीच राहिली. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मोटारसायकल कुठे लावली आहे ते मी मनातल्या मनात आठवून घेतलं. लंगडं जनावर बाजारातून कुठल्या गाडीत चढतं, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं?

आबा निघाले. मान ताठ, छाती पुढे. बाभळीपर्यंत ठीक. वळताना मात्र डावा पाय फरफटला. आम्ही सगळे एकदम डोंगराकडे बघायला लागलो.

“आता पळू का?” त्यांनी तिथूनच विचारलं.

सुनीलने पुन्हा काच पुसायला घेतली.

आबा परत आले ते सावकाश, पाय न लपवता. मार्कर सुनीलच्या हातात दिला. “बैल धुरेचा झाला. लांबडी लाव, मोठा डबा दे.” मग माझ्याकडे वळले. “नि ही आखूड या शेटला. चाल काय लई खास न्हाई, पण गुडघं धड हायेत.”

शिट्टी झाली. मी पळालो. टायरांचा ढीग कुणीतरी ओतूरला नेऊन ठेवला असावा, इतका लांब. कानाजवळून गोळ्या जात होत्या. आणि मागून आबांची लांबडी, न थांबता, न घाई करता, टक्... टक्... समोरचं एकही डोकं वर येत नव्हतं. “पळ शेट, मी हाय मागं.” ढिगाआड कोसळलो तेव्हा माझ्या अंगावर रंगाचा ठिपका नव्हता.

सामना आमचाच झाला. आबा पुढे कितीतरी वर्षं धुरेला खेळले आणि एका हिवाळ्यात घरच्या ओसरीवर, दुपारच्या झोपेत गेले. त्यांचा मार्कर सुनीलच्या शेडमध्ये खुंटीला आहे.

परवा मी त्याला म्हटलं, आता पळवत नाही, तो लांब बॅरलचा मला दे. सुनीलने माझ्या बुटांकडे पाहिलं आणि बाभळीकडे बोट केलं.

मी अजून निघालेलो नाही.